महादजी शिंदे आणि तोफा-बंदुकांच्या ऐकीव गोष्टी

दर वर्षी १२ फेब्रुवारीला महादजी शिंद्यांची पुण्यतिथी येते आणि आपल्या ग्वाल्हेरात चार मराठी माणसे जमली की त्याच तीन-चार गोष्टी ऐकू येतात. मराठे म्हणजे घोडा, भाला आणि तलवार. तोफा-बंदुका ही गोऱ्यांची विद्या. आपल्याकडे तोफा नव्हत्या म्हणून पानिपत झाले. ग्वाल्हेरचा किल्ला मोठ्या तोफांशिवाय पडणे शक्य नव्हते. आणि शेवटी इंग्रजांची हत्यारे सरस, म्हणून राज्य गेले.

आम्ही आयुष्यभर बँकेत खाती तपासली. सगळे म्हणतात म्हणून आकडा बरोबर धरायचा नाही, ताळा जुळवून पाहायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेव्हा महादजींचे चरित्र सांगता सांगता या गोष्टींचाही ताळा जुळवून पाहू.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे धाकटे पुत्र. घराणे सातारा भागातील कण्हेरखेडच्या पाटलांचे, म्हणून पुढे बादशाही किताब मिळाले तरी पाटील म्हणवून घेणेच त्यांना आवडे. भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दुसरे भाऊ दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊ तुकोजी आणि पुतणे जनकोजी यांनाही घराणे मुकले. महादजी पायावर जबर घाव घेऊन पडले होते. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून दक्षिणेत आणले. पाय कायमचा अधू झाला. महादजींनी राणेखानाला भाऊ मानले आणि पुढे तो त्यांचा नामांकित सरदार झाला.

आता पहिला ताळा. पानिपतावर आपल्याकडे तोफा नव्हत्या, हे खरे नाही. इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफखाना आपल्याच बाजूने लढत होता आणि त्याने समोरच्या रोहिल्यांची मोठी हानी केली. उणीव होती ती दुसरीकडे. रसद तुटल्यामुळे फौज उपाशी होती, बाजारबुणग्यांचा लवाजमा बरोबर होता आणि आपल्या तोफा जड होत्या. अब्दालीकडे उंटांवरच्या लहान तोफा होत्या, त्या हव्या तिथे पटकन नेता येत. म्हणजे तोफ असणे वेगळे आणि ती वेळेवर जागेवर पोहोचणे वेगळे.

पुढच्या दहा वर्षांत महादजींनी मोडलेले घर पुन्हा उभे केले. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम बादशहा पुन्हा दिल्लीत आला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला तह करून माघारी जावे लागले, त्यातही महादजी पुढे होते.

दुसरा ताळा आपल्या किल्ल्याचा. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉफमने तो घेतला, तो मोठ्या तोफांचा मारा करून नव्हे. रात्री शिड्या लावून आणि पावलांचा आवाज होऊ नये अशी तजवीज करून शिपाई वर चढले. तट होता तसाच उभा राहिला आणि किल्ला गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये महादजींनी तो गोहदच्या राण्याकडून परत मिळवला.

शिस्तीच्या पायदळाचे मोल इंग्रजांशी लढताना महादजींनी जवळून पाहिले होते. १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयचा बेन्वा द बॉइन्य, म्हणजे आपल्या बखरींतला डिबॉइन, याला चाकरीत घेऊन दोन पलटणी उभ्या केल्या. त्याच वर्षी बादशहाने त्यांना वकील-इ-मुतलक केले.

तिसरा ताळा इथेच बसतो. देखरेख युरोपियनांची होती, सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतण्याचे काम पाहत असे. पण कारखाना आग्र्याला, कारागीर इथले आणि सोराही इथलाच. तोफा हलक्या, पलटणीबरोबर चालणाऱ्या. बंदुकीचेही तेच. आपली जुनी तोड्याची बंदूक लांब मारा करण्यात कमी नव्हती. पण चकमकीची बंदूक भराभर भरता येई आणि तिला संगीन लावता येई. फरक पल्ल्याचा नव्हता, वेगाचा आणि कवायतीचा होता.

मग विजय सोपा झाला का? नाही. १७८७ मध्ये लालसोटला राजपुतांशी लढाई झाली तेव्हा पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. डिबॉइनच्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी गुलाम कादिराने दिल्लीत बादशहाचे डोळे काढले, महादजींनी दिल्ली पुन्हा घेऊन त्याचा बंदोबस्त केला.

लालसोटचा धडा त्यांनी लक्षात ठेवला. डिबॉइनची फौज वाढवताना तिच्या खर्चासाठी दुआबातला मुलूखच नेमून दिला. त्या वसुलीतून शिपायाचा पगार वेळेवर निघू लागला. बँकेतल्या माणसाला यात मोठी अक्कल दिसते, खर्च ठरवण्याआधी जमेची बाजू पक्की केली. १७९० मध्ये २० जूनला पाटण आणि १० सप्टेंबरला मेडता, अशा दोन मोठ्या लढाया याच फौजेने जिंकल्या. राठोडांच्या घोडदळाच्या धडाक्यापुढे पायदळाचे चौकोन फुटले नाहीत.

१७९२ मध्ये महादजी पुण्याला गेले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. त्यांची छत्री तिथेच आहे. पोटचा मुलगा नव्हता, भाऊ तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर आले, तेव्हा ते अजून पोरवयात होते.

शेवटचा ताळा १८०३ चा. असई आणि लासवारी इथे शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, त्यांच्याजवळच मेले. असईला इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. निकृष्ट तोफा एवढे नुकसान करीत नाहीत. पण डिबॉइन केव्हाच मायदेशी गेला होता, त्याच्या जागी आलेला पेराँ ऐन युद्धात इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि इंग्रज अधिकारी गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यावरून चाकरी सोडून निघून गेले. हत्यार होते तेच राहिले, ते चालवणारी घडी विस्कटली.

आपण राहतो ते लष्कर म्हणजे दौलतरावांच्या फौजेचा तळच. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या फौजेबरोबर आले, कोणी शिलेदार म्हणून, कोणी हजेरी आणि पगाराच्या वह्या लिहिणारे कारकून म्हणून. मुलांना महादजींची तलवार जरूर दाखवावी, पण त्यांनी पगार वेळेवर पोहोचवला आणि भिश्त्याला भाऊ मानले, हेही सांगावे. त्यांची फौज टिकली ती त्या बळावर.