संत पेरेग्रीन: पाय कापायच्या आदली रात्र

आजचं वाचन: करिंथकरांस दुसरे पत्र, १२:७-१०



शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. आज अशा एका संताला आठवू या, ज्याचा काटा निघाला.

पेरेग्रीन लाझिओसी. जन्म साधारण १२६५ चा, इटलीतल्या फोर्ली शहरात. घर श्रीमंत, आणि शहर पोपच्या विरोधात पेटलेलं. समेटासाठी फिलिप बेनिझी हे धर्मगुरू आले, तेव्हा तरुण पेरेग्रीनने भर गर्दीत त्यांच्या थोबाडीत मारली. फिलिप यांनी शांतपणे दुसरा गाल पुढे केला. तिथेच पोरगा हरला. त्याने माफी मागितली, आणि पुढे सिएनाला जाऊन फिलिप यांच्याच ‘मरियेचे सेवक’ या संघात दाखल झाला.

नंतर तो फोर्लीला परतला आणि गोरगरिबांच्या, आजाऱ्यांच्या सेवेत रमला. प्रायश्चित्त म्हणून शक्यतो बसायचं नाही, असा त्याचा नेम. तीस वर्षं त्याने तो पाळला, असं परंपरा सांगते. साठीच्या सुमारास पायाला कर्करोगाची जखम झाली. दुर्गंधीमुळे माणसं जवळ येईनात. वैद्याने पाय कापायचं ठरवलं.

आदल्या रात्री पेरेग्रीन स्वतःला ओढत मठाच्या सभागृहात गेला. भिंतीवर क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र होतं. प्रार्थना करता करता डोळा लागला. स्वप्नात प्रभू खाली उतरला आणि त्याने पायाला स्पर्श केला. सकाळी वैद्य आला, तर जखमच नाही! त्यानंतर पेरेग्रीन कित्येक वर्षं जगला. १ मे १३४५ रोजी तो देवाघरी गेला. १७२६ मध्ये पोप बेनेडिक्ट तेरावे यांनी त्याला संत घोषित केलं. आज तो कर्करुग्णांचा आश्रयदाता आहे.

उपचाराशिवाय कर्करोग ओसरल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रातही आहेत, पण अगदी मोजक्या. एव्हरसन आणि कोल या डॉक्टरांनी १९०० ते १९६० या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा पटण्याजोग्या फक्त १७६ निघाल्या. काही वेळा जंतुसंसर्ग आणि तापामुळे शरीराची प्रतिकारशक्ती खडबडून जागी होत असावी, असा एक अंदाज आहे.

म्हणून एक गोष्ट नीट बघा. पेरेग्रीनने वैद्याला परत पाठवलं नव्हतं. पाय कापून घ्यायची तयारी ठेवूनच तो प्रार्थनेला गेला. घरात कुणाची केमो चालू असेल, आणि ‘विश्वास आहे ना, मग औषधं कशाला’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना ही रात्र सांगा. डॉक्टरची तारीख चुकवू नका, रोजरीही चुकवू नका.

आणि जो बरा झाला नाही, त्याचा विश्वास कमी होता असं चुकूनही म्हणू नका. पौलाचा काटा राहिला, पेरेग्रीनचा निघाला. प्रभू दोघांजवळ होता.

आज एका आजारी माणसाला फोन करा. उपदेश नको, फक्त ऐका.

प्रार्थना: हे प्रभो, आमच्या आजाऱ्यांना स्पर्श कर, त्यांच्या डॉक्टरांच्या हातांना बळ दे, आणि काटा राहिला तरी तुझा हात सुटू देऊ नकोस. आमेन.