रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे आणि गिरणीतला 'सोमवार'

रविवारी सुट्टी कुणामुळे मिळते, याचं उत्तर आता बऱ्याच जणांना माहिती झालंय. नारायण मेघाजी लोखंडे. पण त्यांनी सुट्टीसोबत आणखी एक गोष्ट मागितली होती आणि ती सुट्टीच्या गोष्टीखाली झाकली गेली. कामावर जखमी झालेल्या माणसाचं काय करायचं?

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घरची परिस्थिती बेताचीच. रेल्वे, मग टपाल खातं असं करत ते मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी दीनबंधू हे पत्र मुंबईतून चालवलं आणि गिरणीत जे दिसत होतं ते छापायला सुरुवात केली.

काय दिसत होतं? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घाला म्हणून सांगितलं, पण तो कायदा शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांपुरताच. शिवाय हात गेला तर त्या घराने खायचं काय, यावर कायदा गप्प.

१८८४ मध्ये लोखंडेंनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि पाचवी मागणी अशी की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचा अधू झाला तर पेन्शन. खरं तर पाचांत सगळ्यात धाडसी हीच होती.

सुट्टीसाठी आणखी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्यात दोन कामगार बायकांनीही भाषण केलं. १० जून १८९० ला मालक तयार झाले.

आता एक विचित्र गोष्ट बघा. या पाच मागण्यांत धूळ कुठेच नाही. वऱ्हाडचा कापूस तेव्हा मुंबईच्या बाजारात अमरावतीवरून उमरा या नावाने ओळखला जायचा. आज मालेगावच्या शिवारात सोयाबीन जास्त दिसतं, पण वाशिम-कारंजा हा मुलूख त्याच पट्ट्यातला. गाठी फोडून कापूस पिंजताना पानांचा चुरा, माती आणि जिवाणूंचे अंश हवेत उडतात. वर्षानुवर्षं ते छातीत गेले की बिसिनोसिस होतो. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर आल्यावर, सोमवारी, छाती आवळते आणि आठवडा सरेल तसं बरं वाटतं. म्हणजे लोखंडेंनी मिळवलेल्या रविवारनेच हा आजार ओळखता येतो! सुट्टीने तो होत नाही, फक्त उघडा पडतो. सुरुवातीला धुळीपासून दूर गेलं तर फरक पडतो, पुढे फुप्फुसं कायमची जातात.

मग तोंडाला रुमाल बांधला की झालं? नाही. बारीक धूळ कापडातून आणि कडेच्या फटीतून आत जाते. चांगला रेस्पिरेटरसुद्धा चेहऱ्यावर घट्ट बसला तरच उपयोगाचा, दाढी वाढलेली असली तरी फट राहते. त्यातून आपल्याकडची गरमी. दमट खात्यात आठ तास तो तोंडावर ठेवणार कोण? म्हणून संशोधन व्हायला हवं ते इथल्या चेहऱ्यांच्या मापावर, इथल्या उन्हात श्वास घेता येईल अशा मास्कवर. त्याच्याही आधी यंत्राला झाकण आणि धूळ ओढून घेणारा पंखा, कारण मास्क हा शेवटचा उपाय. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हाही प्रश्न हाच होता. भर उकाड्यात अंगभर किट घालून कपाशीत चालायचं कसं?

लोखंडेंना १८९५ मध्ये रावबहादूर किताब मिळाला. ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईच्या प्लेगने त्यांना नेलं. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगनेच गेल्या.

त्यांची पाचवी मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडलं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला तेव्हा निवेदनाला ३९ वर्षं झाली होती. कापसाच्या धुळीचा आजारही पुढे भरपाईच्या यादीत आला, पण तो कामामुळेच झाला हे सिद्ध करायला आधी कुणीतरी कामगाराला विचारावं लागतं की छाती नेमकी कुठल्या वारी आवळते.