डॉक्टरांवरच्या पाच फिर्यादी

बँकेच्या नोकरीत तालुक्याच्या एका गावी तीन वर्षं शाखाधिकारी होतो. मॅनेजरसाहेब म्हणजे गावातलं एक वजनदार माणूस, असा त्या काळी समज होता. त्यामुळे गावातल्या एका अनाथ मुलांच्या वसतिगृहाच्या समितीवर माझीही वर्णी लागली. महिन्यातून एकदा बैठक व्हायची. चहा-पोहे, हिशेबाच्या वहीवर सह्या, की झालं. अशाच एका बैठकीत दोन सख्ख्या भावांपैकी थोरल्याचं वय नियमात बसत नाही, म्हणून त्याला जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या संस्थेत पाठवायचं ठरलं. ठरावाला अनुमोदन माझं होतं. मुलाला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं असतं, हेही आम्हा नऊ जणांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चार दिवसांनी तो मुलगा बँकेत आला. पैसे काढायच्या रांगेत शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा कॅशियरनं त्याला माझ्या केबिनमध्ये आणून सोडलं. भावाजवळ राहायचं असेल तर कोणता फॉर्म भरावा लागतो, एवढंच त्याला विचारायचं होतं. बँकेत प्रत्येक कामाचा फॉर्म असतो, हे त्यानं कुठून तरी हेरलं होतं. मी त्याला पाणी दिलं, नियम समजावून सांगितला आणि परत पाठवलं. पुढच्या सोमवारी तो गेला.

हे सगळं पुन्हा वर आलं ते निवृत्तीनंतर, यानुश कोर्चाक यांचं चरित्र वाचताना. पोलंड हा देश आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांना तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले हजारो पोलिश लोक, त्यात बाया आणि मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्या गोऱ्या मुलांच्या गोष्टी मी घरातल्या मोठ्यांकडून ऐकल्या आहेत. कोर्चाक यांची मुलं मात्र कुठल्याच छावणीतून परत आली नाहीत.

त्यांचं मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सातल्या सुखवस्तू ज्यू कुटुंबातला, २२ जुलैचा. साल १८७८ की १८७९ हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केलीच नव्हती. वडील वकील. वकिलाच्याच घरी जन्माचा दाखला नाही! हे वडील पुढे मनोरुग्ण झाले आणि १८९६ मध्ये वारले. घरची सगळी पुंजी त्या आजारपणात गेली. पोरसवदा हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. एका लेखनस्पर्धेसाठी त्यानं यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतलं, आणि तेच जन्मभर चिकटलं.

ते डॉक्टर झाले, मुलांच्या इस्पितळात काम केलं, लेखक म्हणून नाव मिळवलं. श्रीमंतांच्या घरून बोलावणी येऊ लागली. बसल्या जागी आयुष्य सुखात गेलं असतं. पण १९१२ मध्ये वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि डॉक्टर तिथे संचालक म्हणून गेले. माळ्यावरच्या एका खोलीत राहू लागले. लग्न केलं नाही. शंभराच्या आसपास मुलांचं हे घर खऱ्या अर्थानं चालवलं ते स्टेफानिया विल्चिन्स्का या बाईंनी. कोर्चाक लिहीत, प्रयोग करत, युद्धावर जात. दूध आलं का, चादरी धुतल्या का, हे बाई बघत. अशा बाईंचं नाव बहुतेक चरित्रांत एका परिच्छेदात उरकलेलं असतं. मीही तेच करतो आहे, हे मला कळतंय.

त्या घराचं वेगळेपण काय, तर तिथे मुलांचं कोर्ट होतं. नाटकातलं नव्हे, खरं. पाच न्यायाधीश, पाचही मुलं. आठवडाभरात ज्याच्यावर एकही फिर्याद झाली नाही, अशांमधून चिठ्ठ्या टाकून ते निवडायचे. मोठ्या माणसानं चिटणीस म्हणून जबान्या वाचून दाखवायच्या. मत द्यायचा त्याला अधिकार नाही. कुणी कुणाला ढकललं, चिडवलं, वस्तू न विचारता घेतली, की फिर्याद नोंदवायची. कायद्याचं पुस्तक स्वतः कोर्चाक यांनी लिहिलेलं. त्यातली पहिली नव्व्याण्णव कलमं माफीची! कुणी अजाणतेपणी चुकलं, कुणाला पश्चात्ताप झाला, कुणी पुन्हा करणार नाही म्हणतो, अशा माफीच्या नाना तऱ्हा. शंभराव्या कलमापासून दोष सिद्ध. पुढची कलमं शंभराच्या उड्यांनी चढत जाणारी. नऊशेव्या कलमाला मूल घराबाहेर जायच्या बेतात यायचं. पण एखाद्यानं त्याची हमी घेतली तर राहू शकायचं. हजारावं कलम म्हणजे घरातून काढून टाकणं.

मी उभा जन्म जामीनदार तपासण्यात घालवला. तेव्हा या नऊशेव्या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो.

या कोर्टात मोठ्यांवरही फिर्याद चालायची. एका सहामाहीत खुद्द कोर्चाक पाच वेळा कोर्टापुढे उभे राहिले, तेही आपणहून. एका मुलाच्या कानफटात मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. पाचही वेळा माफीच्याच कलमांखाली निकाल लागला. पण आपलं खरं शिक्षण या पाच खटल्यांनी केलं, असं ते पुढे मानत. आमच्या समितीतल्या नऊ जणांवर एक तरी फिर्याद झाली असती तर काय झालं असतं, असा विचार मनात येतो.

हे सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. सुरुवातीला दांडग्या मुलांनी कोर्टाची टर उडवली, क्षुल्लक तक्रारींचा पाऊस पाडला. शेवटी वैतागून डॉक्टरांनी काही आठवडे कोर्ट बंद ठेवलं आणि नियमांत दुरुस्त्या करून पुन्हा सुरू केलं. मला स्वतःला त्यांची एक पद्धत मुळीच पटत नाही. घरात आलेल्या नव्या मुलाला सांभाळायला एक मोठं मूल नेमलं जाई, हे छानच. पण काही काळानं सगळी मुलं त्या नवख्याबद्दल मतदान करीत. आवडतो, आवडत नाही, दोन्ही नाही, अशा चिठ्ठ्या. त्यावरून त्याचा घरातला दर्जा ठरे. आईबाप नसलेल्या मुलाला आपण किती जणांना आवडत नाही याचा आकडा कळावा, हे क्रूर वाटतं. आणखी एक गोष्ट. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलांना घर सोडावं लागे. आत न्यायाधीश असलेला मुलगा बाहेर एखाद्या दुकानात हरकाम्या होई, आणि तिथे त्याची फिर्याद ऐकायला कुणी नसे.

बाहेरच्या जगातही मुलांना बोलता यावं, यासाठी डॉक्टरांनी एक खटाटोप केला. वॉर्सातल्या 'नाश प्शेग्लोंद' या पोलिश भाषेतल्या ज्यू दैनिकात त्यांनी ऑक्टोबर १९२६ पासून दर शुक्रवारी 'मावी प्शेग्लोंद', म्हणजे 'छोटा आढावा', ही पुरवणी काढली. वार्ताहर मुलं, मजकूर मुलांचा, लेखनाचं मानधनही त्यांना. गावोगावची मुलं पत्रं पाठवत. बहुतेक मुलांच्या पुरवण्या मोठी माणसं लिहितात, हे पुरवण्यांतून लिहीतच माझी इतकी वर्षं गेल्यामुळे ठामपणे सांगू शकतो. ही तशी नव्हती. तिचा शेवटचा अंक निघाला १ सप्टेंबर १९३९ ला. त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं.

अनाथगृहात डॉक्टरांनी पत्रांसाठी एक पेटीही लावली होती. तोंडावर सांगता येत नाही ते मुलानं लिहून टाकावं. आज आपल्याकडेही कायद्यानं हे मान्य केलं आहे. मुलांच्या हक्कांच्या कराराचा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडनंच मांडला आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो संमत केला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २०१६ मधल्या आदर्श नियमांत बालगृहांतून वयोगटाप्रमाणे मुलांच्या समित्या नेमायला सांगितलं आहे. मध्यंतरी एका बालगृहात पाहुणा म्हणून गेलो होतो. भिंतीवर तक्रारपेटी होती, तिला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, यावर दोन कर्मचाऱ्यांत थोडी चर्चा झाली, आणि मग आम्ही जेवायला गेलो.

१९४० च्या अखेरीस नाझींनी ते घर वॉर्साच्या घेट्टोत हलवायला लावलं. जाताना मुलांचे बटाटे भरलेली गाडी जप्त झाली. ते परत मागायला डॉक्टर जर्मन कचेरीत गेले, आणि ज्यूंना सक्तीची असलेली दंडपट्टी न बांधल्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. सुटून आल्यावर साठी ओलांडलेला हा माणूस पोतं घेऊन दारोदार फिरत होता. मुलं आता दोनशेच्या घरात गेली होती. स्नेह्यांनी त्यांना बाहेर काढायची तयारी अनेकदा केली. ते गेले नाहीत.

१८ जुलै १९४२ ला मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' हे नाटक बसवलं. आजारी अमलला घराबाहेर पडायची मनाई असते, आणि खिडकीशी बसून तो राजाच्या पत्राची वाट पाहतो. घेट्टोच्या भिंतीआड बसून ते पाहणाऱ्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. चारच दिवसांनी तिथल्या माणसांना आगगाड्यांत भरून नेणं सुरू झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या घराची पाळी आली. डॉक्टर, स्टेफाबाई, इतर कर्मचारी आणि सगळी मुलं रांगेनं शहरातून चालत गाडीपर्यंत गेली. तिथून ट्रेब्लिंका. परत कुणी आलं नाही.

मागे राहिली ती डॉक्टरांची रोजनिशी. तिच्यातली शेवटची नोंद ४ ऑगस्टची आहे. सकाळी ते खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताहेत. समोर एक जर्मन शिपाई बंदूक घेऊन उभा आहे, आणि डॉक्टरांचं टक्कल त्याच्या नेमाच्या टप्प्यात आहे. लढाईआधी हा काय करत असेल, खेड्यातला मास्तर असेल का, असा विचार ते करतात. आणि आपण त्याला मान हलवून नमस्कार केला तर तो काय करेल, असंही त्यांच्या मनात येतं.