गाडीत गाणं वाजवणारा गॅल्विन

मामांच्या जीपमध्ये नवा अँप्लिफायर बसवला तेव्हा गाण्यापेक्षा 'कुंईऽऽ' असा आवाजच जास्त यायचा. ऍक्सिलरेटर दाबला की आवाज चढायचा. त्यात दुसऱ्याच दिवशी फ्यूज उडाला. आता तिथं ३० अँपिअरच्या जागी ६० चा टाकावा, असा सल्ला गल्लीतल्या प्रत्येकाने दिला! सुदैवाने तो आम्ही मानला नाही. हे दुखणं किती जुनं आहे ते पॉल गॅल्विनचं चरित्र वाचताना कळलं.

गॅल्विनचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड नावाच्या छोट्या गावातला. (ते प्रसिद्ध विद्यापीठ नव्हे!) शाळकरी वयात हा पोरगा स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांमध्ये पॉपकॉर्न विकायचा. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हती. दोन वर्षं कॉलेज, मग पहिलं महायुद्ध, मग बॅटऱ्यांचा धंदा. तो धंदा बुडाला. स्टुअर्ट नावाच्या भागीदाराबरोबर पुन्हा केला, पुन्हा बुडाला. शेवटी कंपनीचा लिलाव झाला, तेव्हा आपल्याच कंपनीतला 'बॅटरी एलिमिनेटर'चा भाग याने ७५० डॉलरला परत विकत घेतला. घरच्या विजेवर बॅटरीचा रेडिओ चालवायचं ते यंत्र. सप्टेंबर १९२८ मध्ये शिकागोत भाऊ जोसेफबरोबर नवी कंपनी उघडली, तेव्हा भांडवल होतं ५६५ डॉलर आणि कामगार पाच.

पण थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि एलिमिनेटर कोण घेणार? वर १९२९ ची मंदी. तेव्हा गॅल्विनच्या डोक्यात आलं, गाडीत रेडिओ बसवायचा, आणि तोही स्वस्तात.

आता आपल्यासारख्यांनी खरं वाचावं ते इथून. गाडीत रेडिओ ठेवला की काम झालं असं नव्हतं. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा ट्रान्समीटरच. त्यामुळे रेडिओत सतत कडकड. बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोन तरुणांना हाताशी धरून गॅल्विनने एकेक आवाज शोधून काढला. प्लगच्या वायरमध्ये रेझिस्टर, जनरेटरवर कपॅसिटर, वायरिंगला शील्ड. म्हणजे नुसती रेडिओची दुरुस्ती नाही, अख्ख्या गाडीची!

एक किस्सा सांगतात. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विनने बँकेच्या साहेबांच्या पॅकार्ड गाडीत सेट बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही, पण यात अशक्य काहीच नाही. गाडीची बॅटरी व्होल्टेजने लहान दिसते, पण शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लालबुंद होते. म्हणूनच मेन फ्यूज बॅटरीजवळ हवा आणि तो वायरला झेपेल तेवढाच हवा.

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. गॅल्विनने स्वतःची स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि मोठ्याने रेडिओ लावला. ऑर्डरी मिळाल्या! मॉडेल '५टी७१', किंमत ११० ते १३० डॉलर. तेव्हा नवी फोर्ड पाचशेच्या आसपास मिळायची. नाव ठेवलं 'मोटोरोला'. १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीचे हातातले रेडिओ सैन्याने वापरले. तो पसारा मोठा आहे, इथे नको.

आमच्या जीपचं काय? आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग बाकी काम. ग्राउंडचा बोल्ट रंगावरच कसला होता! रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर आखूड वायर लावली, तेव्हा कुंई गेली. फ्यूज मात्र स्पीकर आणि आरसीए काढूनही उडत होता, म्हणजे दोष आत. पॉझिटिव्हमध्ये हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीज लावला. तो क्षणभर पेटून मंद व्हायला हवा, पण तसाच ढणढण जळत राहिला: शॉर्ट! पुन्हा सप्लाय काढला, आतले मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज केले, मीटरने शून्य पाहिलं, मगच बोट लावलं. (हे विसरू नका, आत १२ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट असतात.) पॉवर सप्लायचा एक मॉस्फेट ड्रेन ते सोर्स शून्य ओहम दाखवत होता. त्याच्या जोडीचे सगळेच बदलले, गेटचे रेझिस्टरही तपासले. पुन्हा बल्ब लावूनच चालू केला, तेव्हा तो मंद झाला.

ट्रान्झिस्टरचं हे दुखणं गॅल्विनच्या पहिल्या रेडिओला नव्हतं, त्यात व्हॉल्व्ह होते. कार रेडिओसाठी जास्त पॉवरचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मोटोरोलानेच १९५५ मध्ये बाजारात आणला. त्यानंतर चार वर्षांनी, नोव्हेंबर १९५९ मध्ये, ल्युकेमियाने गॅल्विन गेला. कंपनी मुलगा बॉब पुढे चालवत होता.