नरसीचे नामदेव

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या तीरीं नरसी नांवाचें गांव आहे. हा जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. गांव मात्र शेंकडों वर्षांचें जुनें. शिंप्याच्या कुळांतील दामाशेटी व गोणाई यांचें मूळ परंपरेनें येथलेंच मानलें जातें, आणि इ. स. १२७० मध्यें जन्मलेले संत नामदेव हे त्यांचे पुत्र. कोणी त्यांचें जन्मस्थान पंढरपूर मानतात. तो वाद पंडितांनीं मिटवावा. गांव तर आज नरसी नामदेव म्हणूनच ओळखलें जातें.

नैवेद्य घेऊन देवळांत गेलेला लहानगा नामा, देव तो खाईपर्यंत हटून बसला, ही गोष्ट बालवाचकांनीं आजीच्या तोंडून ऐकिली असेल. तींतील चमत्कार ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. मला तींत महत्त्वाचें वाटतें तें त्या मुलाचें समोर बसणें. पुढें जो उभा आहे तो खरोखरच आहे, असें धरून तो त्याच्याशीं बोलत होता.

परंतु या वृत्तीची दुसरीही बाजू होती, आणि ती घरच्या माणसांनींच सांगून ठेविली आहे. नामदेवांचें चित्त सदा पंढरीरायापाशीं. शिवणकाम बाजूस पडलेलें. घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ. मातोश्री गोणाई व पत्नी राजाई यांच्या नांवावर जे अभंग आहेत, त्यांत संसाराकडे न पाहणाऱ्या पुत्राबद्दलची आणि पतीबद्दलची तक्रार अगदीं उघड आहे. चरित्रकार ती बहुधा हंसण्यावारी नेतात. तें मला बरोबर वाटत नाहीं. चुलीपाशीं बसणाऱ्या बाईला रोज पीठ लागतें, आणि देवासमोर सर्वकाळ हजर असलेला गृहस्थ घरीं गैरहजर असूं शकतो.

नामदेवांस पहिला धक्का दिला तो गोरोबा कुंभारांनीं. संतमंडळी जमली असतां, यांतलें कोणतें मडकें कच्चें तें पाहा, असें मुक्ताबाईंनीं त्यांस सुचविलें. गोरोबांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारिलें. इतर शांत राहिले. नामदेव रागावले, आणि तेच कच्चे ठरले. देवाचा लाडका म्हणून ज्याची ख्याति, त्यास सर्वांदेखत हें ऐकावें लागलें! ते विठोबाकडे गाऱ्हाणें घेऊन गेले. तेथूनही गुरु करण्याचाच आदेश मिळाला, असें कथा सांगते.

तो गुरु त्यांस जन्मभूमीच्याच परिसरांत भेटला. औंढा नागनाथच्या देवळांत विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनीं हटकतांच, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव, एवढेंच त्यांनीं सांगितलें. पाय जेथें ठेवावे तेथें पिंड उभी! देव फक्त पंढरीच्या विटेवर पाहणाऱ्या या मनुष्यास आतां कोणाकडेच पाठ फिरवितां येईना.

म्हणूनच कुत्र्यानें भाकरी पळविली तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन मागें धांवले; कोरडी भाकरी त्याच्या घशाखालीं उतरणार कशी, ही त्यांची चिंता. मुलांना या गोष्टीचें हंसूं येतें, आणि तें येऊं द्यावें. घरांतही तेंच दिसतें. गंगाखेडची जनी पोरवयांत दामाशेटींच्या घरीं आली. दळण, कांडण, झाडलोट हें तिचें काम. तिनें स्वतःस नामयाची दासी म्हणविलें, आणि तिचे अभंग आज घरोघरीं गाइले जातात. ज्या घरांत मोलकरणीचें बोलणें कोणी ऐकत नाहीं, तेथें मोलकरीण कवयित्री होत नाहीं.

ज्ञानदेवांनीं त्यांस तीर्थयात्रेस बरोबर नेलें. १२९६ मध्यें आळंदीस ज्ञानदेवांनीं समाधि घेतली, त्या वेळीं नामदेव तेथें होते. त्यांच्या चारही मुलांनीं समाधीची जागा झाडिली. पुढें नामदेवांनीं तो प्रसंग अभंगांत वर्णिला. त्यांत तत्त्वज्ञान थोडें आहे. निवृत्तिनाथांपासून सर्वांचा शोक मात्र एकेकाकडे पाहून टिपलेला आहे.

यानंतर ते उत्तरेस गेले आणि पंजाबांत वर्षानुवर्षें राहिले. तेथें त्यांनीं मराठीचा आग्रह धरिला नाहीं. तिकडच्या लोकांस कळेल अशा भाषेंत पदें रचिलीं. त्यांपैकीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत, आणि गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आहे.

राहिली मंगळवेढ्याची हकीकत. १३३८ मध्यें तेथें गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखामेळा गाडले गेले. चोखोबा महार जातीचे, त्या काळीं ज्यांची सावलीही टाळीत त्या लोकांतले. नामदेव तेव्हां अडुसष्ट वर्षांच्या सुमारास होते. ते मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यांतून चोखोबांच्या अस्थि स्वतः वेंचिल्या आणि पंढरपुरास आणिल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनि आला त्या त्यांनीं चोखोबांच्या म्हणून ओळखिल्या, अशी कथा आहे. तो ध्वनि बाजूस ठेविला तरी, वेठीच्या मजुरांच्या ढिगांतून एका माणसाचा शोध घेण्यास कोणी तरी गेलें, हें उरतेंच.

नामदेवांनीं १३५० मध्यें पंढरपुरीं महाद्वारापाशीं देह ठेविला, असें वारकरी मानतात. पंजाबांतील भक्त घुमानचें नांव घेतात. भक्तांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनीं पायरीची जागा मागितली होती, आणि महाद्वाराची ती पायरी आजही त्यांच्याच नांवाची आहे. तिच्यासमोर कांहीं पावलांवर, नामदेवांनींच बांधविलेली चोखोबांची समाधि आहे. चोखोबांस जिवंतपणीं त्या दाराच्या आंत जातां आलें नाहीं. तें दार त्यांच्या जातिबांधवांस उघडलें तें १९४७ मध्यें, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.