फुलांच्या नावांच्या कथा

जपानमधील ‘शोजो गाहो’ या मुलींच्या मासिकात १९१६ साली एका वीस वर्षांच्या तरुणीच्या कथा प्रसिद्ध होऊ लागल्या. योशिया नोबुको हे तिचे नाव. निइगाता येथे एका सरकारी अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या नोबुको यांना गृहिणीधर्माचे धडे मिळाले होते. रमल्या त्या लेखनात. ‘हाना मोनोगातारी’ या त्यांच्या मालेत पुढे ५२ कथा झाल्या. प्रत्येकीला फुलाचे नाव आणि बहुतेकींत दोन मुलींचा उत्कट, हुरहूर लावणारा स्नेह. शाळकरी मुलींनी या कथा अक्षरशः डोक्यावर घेतल्या.

अशा जिव्हाळ्याला समाजाची फारशी हरकत नव्हती. शाळा सुटली, लग्न ठरले की तो विसरावा, एवढीच अपेक्षा. नोबुको यांना नेमकी तीच अमान्य होती. १९२० च्या त्यांच्या ‘यानेउरा नो निशोजो’ कादंबरीतील दोघी एकत्रच आयुष्य काढायचे ठरवतात.

१९२३ मध्ये गणिताच्या शिक्षिका मोन्मा चियो त्यांना भेटल्या आणि कादंबरीतला निर्णय प्रत्यक्षात आला. या सहजीवनाला कायद्यात नाव नव्हते. अखेर १९५७ मध्ये नोबुको यांनी, जेमतेम काही वर्षांनी धाकट्या असलेल्या चियो यांना, चक्क दत्तक घेतले! १९७३ मध्ये नोबुको यांच्या निधनानेच ही पन्नास वर्षांची सोबत सुटली. कामाकुरातील त्यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले.