नांगरापासून नगरापर्यंत : गॉर्डन चाइल्ड यांचा शोध

प्राचीन संस्कृतींचा उगम शेतीतून झाला, हे विधान आज शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातही सापडते. त्यात काही नवे आहे असे कोणाला वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र परिस्थिती वेगळी होती. इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह. त्याआधीचा काळ म्हणजे वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात मांडलेली दगडी हत्यारे, अशी सर्वसाधारण समजूत होती. ही हत्यारे वापरणारा माणूस काय खात होता, ते कसे मिळवत होता आणि खाऊन उरलेल्या धान्याचे पुढे काय होत होते, हे प्रश्न ज्यांनी पुरातत्त्वशास्त्राच्या केंद्रस्थानी आणले, त्यांत व्ही. गॉर्डन चाइल्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. नवाश्मयुगीन क्रांती आणि नागरी क्रांती या संज्ञा त्यांच्याच लेखनातून जगभर रूढ झाल्या.

चाइल्ड यांचा जन्म १४ एप्रिल १८९२ रोजी ऑस्ट्रेलियातील उत्तर सिडनी येथे झाला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. घरातील वातावरण कर्मठ आणि शिस्तीचे होते. १९१० मध्ये आईचे निधन झाले. सिडनी विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास करून ते प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१४ मध्ये ऑक्सफर्डला गेले. क्रीट बेटावरील नॉसस येथील राजवाड्याचे उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स त्यांना तेथे मार्गदर्शक म्हणून लाभले. ऑक्सफर्डमधील त्यांचे जवळचे मित्र आणि काही काळचे सहनिवासी होते रजनी पाम दत्त. बंगाली डॉक्टरांचे हे चिरंजीव पुढे ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले होते आणि दोघांचाही त्याला विरोध होता. दत्त यांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले. चाइल्ड यांना त्याची किंमत मायदेशी परतल्यावर मोजावी लागली.

१९१७ मध्ये ऑस्ट्रेलियात परतल्यानंतर त्यांना सिडनी विद्यापीठातील एका वसतिगृहात शिक्षकाची जागा मिळाली, पण युद्धविरोधी मतांमुळे पुढच्याच वर्षी ती सोडावी लागली. विद्यापीठाची दारे बंद झालेली पाहून ते राजकारणाकडे वळले आणि न्यू साउथ वेल्समधील मजूर पक्षाचे नेते जॉन स्टोरी यांचे खासगी सचिव झाले. १९२० मध्ये स्टोरी प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने १९२१ मध्ये चाइल्ड यांना लंडनला पाठवले. तेवढ्यात स्टोरी यांचे निधन झाले, पाठोपाठ सरकार गडगडले आणि चाइल्ड यांची नोकरीही गेली. कष्टकऱ्यांच्या नावाने सत्तेवर आलेली माणसे सत्तेत आल्यावर कशी बदलतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. हा अनुभव त्यांनी १९२३ मध्ये 'हाउ लेबर गव्हर्न्स' या पुस्तकात मांडला आणि सक्रिय राजकारणाला रामराम ठोकला. पुढे प्राचीन सुमेरमधील मंदिरांच्या धान्यकोठारांचा विचार करताना त्यांनी हाच प्रश्न विचारला : पिकवतो कोण आणि त्यावर हुकमत चालते कोणाची?

लंडनमधील ती वर्षे ओढग्रस्तीची होती. भाषांतरे करून आणि किरकोळ कामे घेऊन त्यांनी दिवस काढले. त्यानंतर रॉयल अँथ्रोपोलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात त्यांना काम मिळाले. युरोपातील अनेक भाषा त्यांना वाचता येत होत्या. मध्य आणि पूर्व युरोपातील वस्तुसंग्रहालये पालथी घालून त्यांनी विखुरलेली सामग्री एकत्र केली आणि १९२५ मध्ये 'द डॉन ऑफ युरोपियन सिव्हिलायझेशन' हा ग्रंथ सिद्ध केला. खापरे आणि कुऱ्हाडी यांच्या जंत्र्या तयार करण्यात गुंतलेल्या शास्त्राला या ग्रंथाने प्रथमच सलग कथानक दिले. १९२७ मध्ये एडिंबरा विद्यापीठात नव्याने निर्माण झालेल्या प्रागैतिहासिक पुरातत्त्वाच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १९२६ मध्ये त्यांनी आर्यांच्या मूलस्थानावरही पुस्तक लिहिले होते. मात्र जर्मनीत नाझींनी आर्य वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटण्यास सुरुवात केल्यावर ते त्या विषयापासून दूर झाले आणि वंशवादाचा शास्त्रीय फोलपणा दाखवण्यासाठी त्यांनी आपली लेखणी वापरली.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांवर समुद्रकाठी स्कारा ब्रे नावाची वस्ती आहे. १८५० मधील एका वादळाने तिच्यावरील वाळू उडाली आणि दगडी भिंती उघड्या पडल्या. १९२८ ते १९३० या काळात चाइल्ड यांनी येथे उत्खननाचे काम पाहिले. लाकूड दुर्मीळ असल्याने येथील रहिवाशांनी पलंग, फडताळे, चुलाणे असे सर्व काही दगडात घडवले होते. घरे एकमेकांना झाकलेल्या बोळांनी जोडलेली होती. माणसे गुरे-मेंढ्या पाळत, सातू पिकवत आणि मासेमारी करत. सर्व घरांची मांडणी जवळपास सारखी होती. राजवाडा नव्हता, मोठे कोठारही नव्हते. शेती होती, पण नगर नव्हते. शेती आली की संस्कृती आपोआप बहरते, असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही, हे सांगणारा हा पुरावा होता. या वस्तीचा काळ ठरवताना मात्र चाइल्ड यांची मोठी चूक झाली. त्यांनी ती इ.स.पू. ५०० च्या आसपासची मानली. प्रत्यक्षात ती इ.स.पू. ३००० च्या आगेमागे नांदती होती, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनी.

१९३६ मध्ये 'मॅन मेक्स हिमसेल्फ' हे त्यांचे सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी मानवी इतिहासातील पहिली मोठी उलथापालथ उलगडून दाखवली. लक्षावधी वर्षे माणूस निसर्ग देईल ते वेचत आणि मारत जगला. हिमयुग संपल्यानंतर पश्चिम आशियातील काही समूहांनी गहू आणि सातू पेरण्यास, शेळ्या-मेंढ्या पाळण्यास सुरुवात केली. रानगव्हाच्या ओंब्या पिकल्या की दाणे आपोआप झडतात. माणसाने कापणी करून तेच दाणे पुन्हा पेरण्यास आरंभ केल्यावर न झडणाऱ्या ओंब्यांचे वाण हळूहळू टिकले. पीक माणसावर अवलंबून झाले आणि माणूस पिकावर. सुगी वर्षातून ठरावीक काळात येते आणि खायला तर रोज लागते. त्यामुळे कणगी आली, पेव आले, बियाणे राखून ठेवण्याची शिस्त आली. पाठोपाठ मातीची भांडी, विणकाम आणि कायमची घरे आली. पूर्वी ओझे वाटणारी लहान मुले आता गुरे राखू लागली, पाखरे हाकू लागली. लोकसंख्या वाढली.

यापुढची पायरी चाइल्ड यांनी दक्षिण मेसोपोटेमियात दाखवली. तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या गाळाची जमीन विलक्षण सुपीक, पण पाऊस अगदी अपुरा. पाट खणणे, बांध घालणे, गाळ उपसणे ही कामे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हती. त्यासाठी शेकडो हात एकत्र आणावे लागले. बैलाने ओढायचा नांगर आणि कालव्याचे पाणी यांमुळे शेतकरी आपल्या कुटुंबाच्या गरजेपेक्षा अधिक पिकवू लागला. हे वरकड धान्य देवाच्या नावाने मंदिराच्या कोठारात जमा होऊ लागले. शेत न कसणाऱ्या माणसांचे पोट त्यावर भरू लागले. गावगाड्यातील बलुतेदार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की येथे तांबट, सुतार, कुंभार यांच्याबरोबर पुरोहित, कारकून आणि सैनिकही त्याच कोठारावर पोसले जात होते. गाळाच्या प्रदेशात तांबे, चांगले लाकूड किंवा बांधकामाचा दगड मिळत नसे. म्हणून दूरदेशीचा व्यापार वाढला. आवक-जावक वाढली तशी ती नुसती लक्षात ठेवणे अशक्य झाले. उरुक नगरात इ.स.पू. ३२०० च्या सुमारास ओल्या मातीच्या पाट्यांवर खुणा उमटू लागल्या. जगातील या सर्वांत जुन्या लेखनाचा फार मोठा भाग धान्य, गुरे आणि मजुरांचा शिधा यांच्या हिशेबाचा आहे. १९५० मध्ये लिहिलेल्या निबंधात चाइल्ड यांनी नगराची दहा लक्षणे सांगितली. दाट वस्ती, पूर्णवेळ कारागीर, कर, भव्य वास्तू, सत्ताधारी वर्ग, लेखन, गणितासारखी शास्त्रे, कला, दूरचा व्यापार आणि नात्यागोत्याऐवजी रहिवासावर आधारलेले राज्य, ही ती लक्षणे होत.

या प्रगतीची दुसरी बाजूही त्यांनी नजरेआड केली नाही. नांगर, चाक, शीड, तांबे वितळवण्याची कला, सौर पंचांग आणि लेखन हे मोठे शोध इ.स.पू. ३००० च्या आधीचे किंवा त्या सुमाराचे आहेत. नंतरच्या दोन हजार वर्षांत मात्र त्या तोडीचे शोध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चाइल्ड यांच्या मते याचे कारण वरकड उत्पन्नाच्या वाटपात होते. शोध लावणारे कष्टकरी तळाला ढकलले गेले, त्यांना सुधारणेतून काही मिळेना. वरच्या थरातील मूठभरांना स्वस्त मजूर उपलब्ध असल्याने सुधारणेची गरज वाटेना. ज्या धान्याच्या राशीने नगर उभे केले, तिच्याच मालकीने त्याची वाढ खुंटवली, असा हा सिद्धान्त होता. मार्क्सवादाचा प्रभाव त्यात स्पष्ट दिसतो. याच विचारांमुळे ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेची नजर त्यांच्यावर वर्षानुवर्षे राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ मध्ये, त्यांचे 'व्हॉट हॅपन्ड इन हिस्टरी' हे पुस्तक पेंग्विनने स्वस्त आवृत्तीत काढले. युरोपची संस्कृती आता संपणार, अशा निराशेने चाइल्ड स्वतः ग्रासलेले होते. तरीही साम्राज्ये कोसळली तरी शेतकऱ्याचे आणि कारागिराचे ज्ञान नष्ट होत नाही, ते पुढच्या पिढीच्या हाती जातेच, असा दिलासा या पुस्तकाने वाचकांना दिला. पुरातत्त्वावरील फार थोड्या पुस्तकांना असा वाचकवर्ग लाभला आहे.

१९४६ मध्ये ते लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्किऑलॉजीचे संचालक झाले. अविवाहित, संकोची, रुंद काठाची काळी टोपी घालणारे हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना वेळ देण्यात मात्र हात आखडता घेत नसत. १९५६ मध्ये निवृत्त होताना आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. एप्रिल १९५७ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला परतले. एकेकाळी ज्या सिडनी विद्यापीठात त्यांना थारा मिळाला नव्हता, त्यानेच आता त्यांना सन्माननीय पदवी दिली. १९ ऑक्टोबर १९५७ रोजी सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगराळ भागात त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात मानला गेला. मात्र त्यांनी लंडनमधील सहकाऱ्याला धाडलेले पत्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष्याचा शेवट त्यांनी स्वतःच ठरवला होता हे उघड झाले. वार्धक्य आणि परावलंबन यांचे भय त्यांच्या मनात खोलवर होते.

त्यांच्या पश्चात त्यांच्या अनेक निष्कर्षांना धक्के बसले. कार्बन-१४ कालमापनाने युरोपची त्यांनी मांडलेली कालगणना कोलमडून पडली. शेतीचा बदल क्रांतीसारखा झपाट्याने झाला नाही, त्याला हजारो वर्षे लागली, हे स्पष्ट झाले. चीनमध्ये भात आणि बाजरीवर्गीय धान्ये, मध्य अमेरिकेत मका अशी शेती स्वतंत्रपणे उगवल्याचे आढळले. तुर्कस्तानातील गोबेकली टेपे येथे १९९५ पासून झालेल्या उत्खननात इ.स.पू. ९५०० च्या सुमाराचे भव्य दगडी खांब सापडले. ते शेती रुजण्यापूर्वीच्या, शिकार आणि रानधान्यावर जगणाऱ्या माणसांनी उभारले होते. याउलट, युरोपात शेती मुख्यतः अनातोलियाकडून आलेल्या शेतकऱ्यांनी नेली, हे गेल्या काही वर्षांतील प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने दाखवले. पूर्वेकडून युरोपात शेती पोहोचली, हे चाइल्ड यांचे म्हणणे त्यामुळे बळकट झाले.

भारतीय उपखंडातही त्यांचा प्रश्न उपयोगी ठरला. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे १९७४ पासून झालेल्या उत्खननात इ.स.पू. ७००० च्या सुमाराची शेतकरी वस्ती उजेडात आली आणि हडप्पा संस्कृतीच्या मागे उभी असलेली हजारो वर्षांची शेतीची परंपरा दिसली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात पांढरीचे टेकाड खणले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामातून इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव प्रकाशात आले. तेथे सातू पिकत होता, पाण्यासाठी पाट आणि बांध होता, गावप्रमुखाचे मानले गेलेले मोठे घर होते आणि त्याशेजारी धान्याचे कोठारही होते. नगराकडे जाणारी पहिली पावले पडली होती, पण नगर घडले नाही. इ.स.पू. १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. दख्खनच्या बेभरवशाच्या पावसात वरकड धान्याची रास टिकून राहिली नाही.

स्कारा ब्रे, उरुक आणि इनामगाव या तिन्ही ठिकाणी शेती होती. नगर मात्र एकाच ठिकाणी उभे राहिले. हा फरक का पडला, हे शोधायचे तर पाऊस, पाणी, कोठार आणि कोठाराची किल्ली यांचा एकत्र विचार करावा लागतो. चाइल्ड यांची अनेक उत्तरे मागे पडली. सालांच्या बाबतीत ते वारंवार चुकले. पण जमिनीत सापडलेल्या करपलेल्या दाण्याकडे पाहून तो कोणी पिकवला आणि कोणी खाल्ला, असे विचारण्याची सवय त्यांनी पुरातत्त्वशास्त्राला लावली. जगभरची उत्खनने आजही त्याच प्रश्नाचा माग काढत आहेत.